दुसरा खर्डा

फेब्रुवारीत दिवाळी अंकाचं नाव काढलं की लोक हसतात. "अजून होळी व्हायचीय," हे मला घरातच ऐकवलं गेलं. पण २०२५ची दिवाळी लवकर होती. गणपती २७ ऑगस्टला, दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ला. अंक दसऱ्याच्या आसपास स्टॉलवर दिसला तरच त्याला गिऱ्हाईक मिळतं, हे पुण्यात अप्पा बळवंत चौकातला कुठलाही विक्रेता सांगेल. त्याआधी गणपतीचे दिवस असतात. तेव्हा संध्याकाळनंतर पेठांमध्ये कागदाचा टेम्पो शिरत नाही. म्हणजे मजकूर जुलैअखेर पक्का हवा. शिवाय त्याआधी कथा लेखकाकडे परत पाठवून पुन्हा लिहून घ्यायची असेल, तर ती पहिल्यांदा आपल्या हातात एप्रिलमध्ये तरी पडायला हवी.

ती 'परत पाठवून पुन्हा लिहून घ्यायची' अट माझीच होती. आमचा अंक लहान आहे. वर्षातून एकदा निघतो आणि त्यात फक्त कथा असतात. भविष्य नाही, पाककृती नाहीत, राजकीय परिसंवाद नाही. संपादक निवृत्त प्राध्यापक आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. कथांचं काम पाहशील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाहीन, पण लेखकांना पत्रं लिहायला वेळ मिळणार असेल तर.

सर हसले. "म्हणजे पटवर्धनांचं भूत तुमच्याही मानगुटीवर आहे म्हणायचं."

आहेच. मराठीत कथा लिहिणाऱ्या बहुतेकांच्या मानगुटीवर ते थोडंफार असतं. मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहीत. कथेत कुठे पाणी मुरतंय, कुठलं पात्र नुसतं उभं आहे, शेवट आधीच्या पानावर होऊन गेलाय का, असलं सगळं त्यात असे. लेखक चिडत, पुन्हा लिहीत, पुन्हा पाठवत. या पत्रांबद्दल भक्तिभावानं बोलायची आपल्याकडे रीत आहे, मला मात्र तसं बोलावंसं वाटत नाही. त्याच पत्रांमुळे एका विशिष्ट वळणाची कथा घडत गेली आणि त्या वळणाबाहेरचे लेखक दाराबाहेर राहिले, अशी तक्रार होती, आणि ती पोकळ नव्हती. १९६९ साली काही तरुण लेखकांनी 'सत्यकथे'ची होळी केली ती काही नुसत्या पोरकटपणातून नाही. तरी एक गोष्ट उरतेच. ते मासिक होतं. कथा या महिन्यात जमली नाही तर तीन महिन्यांनी जमेल, एवढा धीर त्या व्यवस्थेतच होता. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडलं. मग एकेक करून कथा छापणारी बाकीची मासिकंही आटली आणि मराठी कथेचा जवळजवळ सगळा भार दिवाळी अंकांवर येऊन पडला.

दिवाळी अंकाला तारीख एकच. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा इंग्रजी मासिकांचे नाताळ विशेषांक त्यांच्या डोळ्यांसमोर होते असं म्हणतात. पण त्यांच्याकडे वर्षभर चालणारं मासिक होतं आणि हा त्यातला एक सणाचा अंक. आज उलट झालंय. मासिक गेलं, सण राहिला. जूनमध्ये लेखकाला फोन जातो, "सर, यंदा आपल्यासाठी एक कथा." लेखकाने चार-पाच ठिकाणी हो म्हटलेलं असतं. कथा ऑगस्टच्या शेवटी येते, तीही तीनदा आठवण केल्यावर. ती तशीच अक्षरजुळणीला जाते. संपादक तिची पहिली ओळ प्रुफात वाचतो आणि तेव्हा त्याला काही वाटलं तरी करायला वेळ नसतो. मी स्वतः कथा लिहिते. माझ्या छापून आलेल्या बहुतेक कथांवर, छापण्यापूर्वी, कोणीही एक शब्द बोललेलं नाही. "मिळाली, छान आहे" एवढंच.

तर आम्ही निवेदन फेब्रुवारीत काढलं. तीन ते सहा हजार शब्द, अप्रकाशित, ३० एप्रिलपर्यंत. काही नावाजलेल्या लेखकांना वेगळी पत्रं गेली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच हालचाल नव्हती आणि मग शेवटच्या चार दिवसांत पूर आला. ईमेलवर, व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांनी, एका बाईंनी तर ध्वनिमुद्रण करून. विदर्भातून दोन जाडजूड पाकिटं आली, फुलस्केपवर, समास सोडून, निळ्या शाईत. ती वाचायला सगळ्यात सोपी होती.

आम्ही तिघं वाचत होतो: सर, मी आणि एक ग्रंथपाल मित्र, ज्याला लेखक व्हायची अजिबात इच्छा नाही, म्हणून तो आम्हाला फार उपयोगी. प्रत्येकाने वेगवेगळं वाचायचं आणि कथेपुढे होय, नाही किंवा 'बोलू या' एवढंच लिहायचं. 'होय' फार थोड्या होत्या आणि त्यांच्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. चांगली कथा वाचून झाली की माणूस गप्प बसतो. 'नाही'चा ढीग मोठा. त्यात मुलगा अमेरिकेत आणि आई-वडील पुण्यात अशा कथा इतक्या होत्या की ग्रंथपाल मित्राने त्यांचा वेगळा गठ्ठा करून त्याला 'ग्रीन कार्ड' नाव दिलं. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या कथा पुष्कळ होत्या. त्यातल्या कित्येकांत पिकाचं नाव नव्हतं, बँकेचं नाव नव्हतं, कर्ज किती नि कशासाठी तेही नव्हतं. आभाळाकडे पाहणारा म्हातारा तेवढा होता. बऱ्याच कथा खरं तर तिसऱ्या पानावर सुरू होत होत्या. पहिल्या दोन पानांत नायक उठायचा, चहा प्यायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

यंदा आणखी एक प्रकार आला. काही कथा यंत्राकडून लिहून घेतल्यासारख्या वाटत होत्या. वाक्यं गुळगुळीत, चूक एकही नाही. गावाला नाव नाही, पिंपळाचा पार मात्र आहे. शेवटच्या परिच्छेदात आयुष्य म्हणजे काय ते समजावलेलं. पुरावा कसला देणार? शिवाय पिंपळाचा पार आणि आयुष्याची व्याख्या हे माणसंही आपल्या हिमतीवर लिहीत आलीच आहेत. सरांनी सोपा मार्ग काढला. शंका आली की लेखकाला फोन लावायचा आणि कथेत न आलेलं काहीतरी विचारायचं: तो पारामागचा रस्ता पुढे कुठे जातो हो? ज्यांनी खरंच लिहिलं होतं ते दहा मिनिटं बोलले. पुढे ओढा आहे, पलीकडे चुलत्याचं रान, तिथे वाद चालू आहे. बाकीचे म्हणाले, "तसं काही ठरवलेलं नाही." एकाचं हे बोलणं ऐकून सर म्हणाले, "मग आधी रस्ता ठरवा आणि पुन्हा लिहा." तो मुलगा खरंच पुन्हा लिहून पाठवतो की काय, याची मला धाकधूक होती. त्याने काही पाठवलं नाही.

खरं काम 'बोलू या'च्या ढिगात होतं. मे महिना त्यात गेला. पत्र लिहायचं म्हणजे काय हे मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं. पहिली पत्रं मी फार गोड लिहिली. सरांनी एक वाचलं आणि विचारलं, "यात तुम्ही त्याला नक्की काय करायला सांगताय?" बघितलं तर काहीच सांगितलं नव्हतं. तीन परिच्छेद कौतुकाचे आणि शेवटी 'शेवटाचा पुनर्विचार व्हावा'. मग ठरवलं, एका पत्रात एकच प्रश्न. तोही असा की ज्याचं उत्तर मला माहीत नाही. उत्तर मला माहीत असलं तर ती माझी कथा होते आणि लेखक बिचारा माझ्या सांगण्यावरून ती टाइप करून पाठवतो. खटाववाडीवरची जुनी तक्रार हीच तर होती.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडच्या एका शाळेतल्या शिक्षिकेची कथा आली होती. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली, केळी निघताहेत, घड उतरवायला बायकांची टोळी आलीय, आणि एका बाईच्या पाठीवर घड पडून ती जखमी होते. मालक दवाखान्याचे पैसे द्यायला नकार देतो. साधी, सरळ, चीड आणणारी कथा. घड खांद्यावर कसा घ्यायचा, चिकाचे डाग लुगड्याला कसे कायमचे बसतात, गाडीत पाला कसा अंथरायचा, हे सगळं इतकं नेमकं होतं की मला केळीच्या चिकाचा वास आला. तरी कथा कुठेतरी अर्धी वाटत होती. मी पुन्हा पुन्हा वाचली. टोळीचा मुकादम पहिल्या पानावर एकदा येतो, मध्ये एकदा मजुरी मोजतो आणि मग गायब होतो. मी पत्रात एवढंच विचारलं: बाई पडली तेव्हा मुकादम कुठे होता?

बरेच दिवस काही उत्तर नाही. मग एका रात्री फोन आला.

"मॅडम, तो मुकादम म्हणजे माझा सख्खा मामा आहे."

मी म्हटलं, "कथेतला ना?"

"कथेतला पण आणि बाहेरचा पण. म्हणून तर त्याला मी पहिल्या पानानंतर आत येऊ दिलं नाही."

यावर मी काय बोलणार? नाव बदला, गाव बदला, असं काहीबाही म्हणाले. त्या म्हणाल्या, नाव बदलून मामा बदलत नाही. फोन ठेवला आणि मी ती कथा मनातल्या मनात पहिल्या खर्ड्यातच छापायला काढली.

दुसरा खर्डा जूनच्या मध्याला आला. आधीपेक्षा दीडपट. त्यात मुकादम सगळीकडे होता. त्याने त्या दिवशी मालकाकडून उचल घेतलेली होती आणि दोन बायका कमी आणल्या होत्या, म्हणून त्या बाईच्या वाट्याला ज्यादा घड आले होते. पुढे दवाखान्यात तोच तिच्या उशाशी बसून राहतो, स्वतःच्या खिशातून औषधं आणतो आणि मालकाबद्दल तिच्याइतक्याच रागाने बोलतो. ती बाई हे सगळं ऐकते. तिला उचलीचं माहीत आहे की नाही, हे कथा सांगत नाही. पहिल्या खर्ड्यात एक जुलमी होता आणि एक बिचारी होती. दुसऱ्यात दोन माणसं होती आणि त्यांना उद्या पुन्हा एकाच गाडीतून कामाला जायचं होतं. मला हे सुचलं नसतं. मी फक्त एक माणूस कुठे गेला ते विचारलं होतं.

सगळीकडे असं झालं नाही. एका मुलाने माझ्या पत्राला दोन मिनिटांत 'ओके मॅम' असं उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी पूर्णपणे वेगळी कथा पाठवली. त्याला पत्र लिहिलं, तर तिसरी आली. एका लेखिकेने कळवलं की तुम्ही विचारलेला प्रश्न योग्य आहे, पण त्याचं उत्तर शोधायला मला वर्ष लागेल. कथा परत घेते. हे उत्तर मला फार आवडलं, पण आमचं एक चांगलं पान त्यामुळे गेलं. एका नावाजलेल्या लेखकाकडून मागवलेली कथा ढिली होती. सरांनी स्वतः त्यांना पत्र लिहिलं, अत्यंत अदबीने. फोन आला: "मी गेली कितीतरी वर्षं लिहितोय, माझ्या कथेला कोणी शंका विचारलेली नाही." सर म्हणाले, "तेच तर." हे फोनवर म्हणाले की फोन ठेवल्यावर, ते त्यांनी मला नक्की सांगितलं नाही. ऑक्टोबरमध्ये तीच कथा एका दुसऱ्या, आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या अंकात पहिल्या क्रमांकावर आली. स्वल्पविरामही हललेला नव्हता.

आणि ज्यांना नाही म्हणायचं होतं त्यांनाही आम्ही दोन ओळी का होईना, लिहायच्या ठरवल्या. 'साभार परत' एवढ्यावर भागवायचं नाही. याचा त्रास भयंकर. नाही म्हटल्यावर कारण दिलं की लोक वाद घालतात. पण निळ्या शाईतल्या दोघांपैकी एका आजोबांचा फोन आला. म्हणाले, साभार परतच्या चिठ्ठ्यांची माझ्याकडे फाइल आहे, अगदी जुन्या जुन्या मासिकांच्या. तुमचं पत्रही त्यातच लावलंय. मग पाऊण तास ते मला त्या फाइलमधल्या चिठ्ठ्या वाचून दाखवत होते, कोणाचं लेटरहेड कसं, कोणाची सही कशी. त्यांना कथा छापून न आल्याचं फार वाटलं असेल असं त्या आवाजावरून तरी जाणवलं नाही.

जुलैमध्ये कथा ठरल्या आणि आम्ही साहित्यातून गणितात आलो. आमचा अंक ७.२५ बाय ९.५ इंच. वीस बाय तीस इंची कागदाच्या एका तावावर, दोन्ही बाजू मिळून, सोळा पानं बसतात. त्याचा एक फॉर्म. अकरा फॉर्म म्हणजे १७६ पानं, बारा म्हणजे १९२. मधलं काही जवळपास नसतंच. आठ पानांसाठी अर्धा फॉर्म करता येतो, पण तो महाग पडतो आणि छापणारा नाक मुरडतो. आमचं बजेट अकराचं. कथा, जाहिराती, अनुक्रमणिका, संपादकीय धरून बेरीज १८१ वर गेली. पाच पानं कुठून काढायची? कुठली तरी एक कथा वगळायची, हा उपाय सगळ्यांच्या मनात आला आणि कोणी बोललं नाही. रावेरच्या कथेचा दुसरा खर्डा वाढलेला होता ना, त्यातच ती पानं गेलेली होती. शेवटी चित्रं लहान केली, संपादकीय दोन पानांवरून एका पानावर आणलं (सरांनी ते आनंदाने केलं, मला वाटतं त्यांना लिहायचंच नव्हतं), आणि तीन लेखकांना विचारून थोडं थोडं कापलं. त्यातल्या दोघांनी सांगितलं, बरं झालं. तिसरे अजून बोलत नाहीत.

क्रम लावणं हा या सगळ्यातला मला सर्वात आवडलेला भाग. आपल्याकडे रीत अशी की मोठं नाव आधी, मग वयाने, मग उरलेले. वाचक काही अनुक्रमाने वाचत नाही, असं सर म्हणतात आणि ते खरंही आहे. मी स्वतः आधी ओळखीची नावं शोधते. पण वाचनालयातून अंक नेणारी माणसं चार दिवसांत परत द्यायचा म्हणून पहिल्या पानापासून सुरू करतात. त्यांच्यासाठी तरी क्रम हवा. आम्ही कथांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि त्या जमिनीवर मांडून बसलो. दवाखान्यात संपणाऱ्या दोन कथा शेजारी नकोत. प्रथमपुरुषी तीन कथा ओळीने आल्या तर त्या एकाच माणसाच्या वाटतात. लांब कथेनंतर आखूड. विनोदी एकच होती. ती शेवटी टाकली तर उरलेलं म्हणून टाकल्यासारखी दिसते, सुरुवातीला टाकली तर वाचकाला वाटतं सगळा अंकच असा. ती मधोमध गेली. पहिली कथा आम्ही एका जवळजवळ अनोळखी लेखकाची, सहा पानांची, ठेवली. दुसरी रावेरची.

एवढं जमवल्यावर जाहिराती आल्या. दिवाळी अंकाचा खर्च प्रतींच्या विक्रीतून निघत नाही, तो पतसंस्था, सहकारी बँका, बांधकामवाले आणि सराफ यांच्या शुभेच्छांतून निघतो. उजवीकडच्या पानाचा दर जास्त. एका पतसंस्थेची 'शुभ दीपावली' नेमकी कर्जवसुलीच्या प्रसंगासमोर आली. त्या कथेत वसुलीला आलेला माणूस घरातलं भांडं उचलून नेतो. मॅनेजरसाहेबांनी मांडणी पाहिली आणि हात जोडून म्हणाले, "कथा उत्तम आहे. पण आमच्या समोर नको." ती जाहिरात हलवली की तिच्या मागचं पान हललं, आणि त्यामुळे दोन कथांचा क्रम बदलला. तोवर मी चिठ्ठ्या फेकून दिल्या होत्या.

चित्रांबद्दल थोडंसंच. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांच्या काळापासून दिवाळी अंकात चित्राचा मान मोठा. आमचे चित्रकार कथा पूर्ण वाचतात, ही चैन आहे. रावेरच्या कथेसाठी त्यांनी बाई काढली नाही, घड काढला. उलटा टांगलेला, एका पानभर. मग पानं कमी पडली तेव्हा तो निम्म्यावर आला.

अक्षरजुळणीचं मात्र रडणं सांगायलाच हवं, कारण दरवर्षी प्रत्येक अंकात हे होतं आणि वाचक शिव्या मुद्रितशोधकाला घालतात. लेखक यूनिकोडमध्ये लिहितात, फोनवर. जुळणी करणारा काम करतो जुन्या फॉन्टमध्ये, कारण त्याची सगळी मांडणी, सगळी सवय त्यात आहे. मधे एक परिवर्तक लागतो आणि तो काही जोडाक्षरांपाशी कोलमडतो. आमच्या परिवर्तकाचं वैर वाऱ्यावर, दुसऱ्या, र्‍हास यांतल्या त्या लांबट र शी होतं. प्रमाण मराठीतल्या कथेत तो पानाला पाच-सहा वेळा येतो. रावेरच्या कथेत लोक त्या भागातल्या लेवा गणबोलीत बोलत होते आणि त्यांच्या तोंडी र्‍हायला, र्‍हायली दर दुसऱ्या ओळीला. प्रूफ आलं तेव्हा सगळी टोळी भलतंच बोलत होती.

आमच्या मुद्रितशोधक ताई कसलेल्या आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२चे पुढचे चार त्यांना झोपेतही येतात. बोलीतले संवाद उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा आहे हेही त्यांना पक्कं ठाऊक. तरी मोडलेले र दुरुस्त करताना त्यांनी सवयीने काही ठिकाणी 'राहिली' केलं, कारण मोडलेल्या अक्षरावरून मूळ काय होतं हे कळणारच नव्हतं. मग मी, ताई आणि फोनवर शिक्षिकाबाई अशा तिघी बसलो. मी वाचायचं, बाईंनी थांबवायचं. "मॅडम, ही म्हातारी असं म्हणेल. तिची सून शाळेत गेलीय, ती तसं नाही म्हणणार." एकाच कथेत एकच क्रियापद दोन बायका दोन तऱ्हांनी उच्चारतात, हे माझ्या दोन्ही खर्ड्यांच्या वाचनातून निसटलं होतं. ताईंनी तांबड्या पेनाने समासात दोन रकाने आखले, सासूचा एक, सुनेचा एक. अशी प्रूफं मी याआधी पाहिली नव्हती.

छपाई व्हायच्या सुमारास कागदावरच्या जीएसटीची बातमी आली. २२ सप्टेंबरपासून तो १२ वरून १८ टक्क्यांवर जाणार होता. छापखान्याच्या मालकांनी आमचा सत्तर जीएसएम मॅपलिथो कागद आधीच उचलून ठेवला होता, म्हणून आतल्या पानांना वाढीव कर लागला नाही. त्यांनी ते आमच्या प्रेमाखातर केलं असं ते म्हणतात. दसऱ्याला अंक आला नाही. बाइंडिंगमध्ये अडकला. दोन-तीन दिवसांनी आला, तेव्हा चौकात मोठमोठे अंक छातीएवढ्या थप्प्यांत लागले होते. आमच्या विक्रेत्याने त्यांच्या कडेला आमच्या दहा प्रती उभ्या केल्या.

लेखकांच्या प्रती पाठवायला पोस्टात गेले तर खिडकीवर कळलं, रजिस्टर्ड पोस्ट १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टात विलीन झालंय. गेली कित्येक वर्षं अंक रजिस्टरने जात, लेखक पोचपावती जपून ठेवत. आता खर्च वाढला. मानधनाची पाकिटं मुळातच पातळ, त्यात हा टपालखर्च जवळपास त्यांच्या बरोबरीला आला, हे सरांनी हिशेबाच्या वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलंय.

अंक आल्यावर महिनाभर काहीच होत नाही. दिवाळी अंक वाचनालयांच्या योजनेत फिरतात. एकदाच पैसे भरून सभासद मार्चपर्यंत सगळे अंक आळीपाळीने नेतात, आणि आमच्यासारख्या अंकाला खरा वाचक तिथेच मिळतो. नोव्हेंबरअखेर फोन सुरू झाले. सांगलीच्या एका वाचनालयातून एका बाईंनी विचारलं, त्या केळीवाल्या गोष्टीत तिला उचलीचं माहीत असतं का हो? मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "असतंच. पण ती औषध घेते ना त्याच्या हातून." मी हे शिक्षिकाबाईंना कळवलं. त्यांच्या मामांनी कथा वाचली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं: मामा वाचत नाहीत, पण मामींनी मोठ्याने वाचून दाखवली, आणि मामा म्हणाले, दोन बायका कमी नव्हत्या, एकच होती.

न खपलेल्या प्रती संक्रांतीपर्यंत परत येत होत्या. पुढच्या अंकाचं निवेदन आता तयार आहे. शब्दमर्यादेखाली आम्ही एक ओळ वाढवली: दुसरा खर्डा मागितला जाईल, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. सरांना ती ओळ उद्धट वाटते. ग्रंथपाल मित्राचं म्हणणं, त्या ओळीमुळे 'ग्रीन कार्ड'चा गठ्ठा निम्म्याने कमी होईल. ओळ ठेवलीय.